वृद्ध रसिक आणि दुपारचा खेळ : राहुरीच्या संदर्भात एक आस्वादविचार

१

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात चित्रपटाचा खेळ हा मुळात रात्रीचा खेळ होय. जत्रेच्या मैदानावर तंबू उभा राही, दिवस मावळण्याची वाट पाहिली जाई आणि अंधार पडल्यावरच पडद्यावर चित्र उमटे. कापडी तंबूला दिवसाचा उजेड अडविता येत नसे, म्हणून त्याने रात्रीचा आश्रय घेतला. शहरातील पक्क्या चित्रपटगृहाने प्रथमच भिंतींच्या आड अंधार निर्माण केला आणि त्यामुळेच ‘मॅटिनी’ हा प्रकार शक्य झाला. फिरत्या तंबूचा हा व्यवसाय आता जवळजवळ संपुष्टात आला असून, त्याच्या शेवटच्या पर्वाचे चित्रण शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या अनुबोधपटात केले आहे.

रात्रीच्या खेळाचा प्रेक्षक कोण, याचा विचार केला असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. रात्री उशिरापर्यंत जागू शकणारा, अंधारात पायवाट तुडवीत वस्तीवर परतू शकणारा, जमिनीवर तीन तास मांडी घालून बसू शकणारा असा तो प्रेक्षक होता. म्हणजेच तो प्रायः तरुण होता. वय वाढत गेले तशी माणसे या प्रेक्षकवर्गातून आपोआप गळत गेली. त्यांना कोणी बाहेर काढले नाही, खेळाच्या वेळेनेच ते काम केले. चित्रपटाच्या आस्वादाची चर्चा करताना प्रेक्षक हा सदैव तरुणच असतो असे जे गृहीत धरले जाते, त्याचे एक मूळ या वेळापत्रकात आहे.

परदेशांत या गोष्टीकडे काहीसे लक्ष गेलेले दिसते. ब्रिटनमधील काही चित्रपटगृहांत साठीच्या पुढील प्रेक्षकांसाठी ठरलेल्या वारी दिवसाचे स्वतंत्र खेळ होतात आणि तिकिटाबरोबर चहा मिळतो. दक्षिण कोरियाच्या सोल शहरात नाक्वॉन बाजाराच्या इमारतीतील एक जुने चित्रपटगृह २००९ मध्ये ‘रौप्य चित्रपटगृह’ म्हणून केवळ वृद्धांकरिता सुरू झाले. पंचावन्न वर्षांवरील प्रेक्षकांसाठी तेथे अवघ्या दोन हजार वॉनचे तिकीट ठेवण्यात आले आणि कार्यक्रमात जुन्या चित्रपटांना प्राधान्य देण्यात आले. आपल्याकडे चित्रपट-मंडळांची चळवळ जुनी आहे. १९४७ मध्ये सत्यजित राय व चिदानंद दासगुप्त यांनी कलकत्त्यास फिल्म सोसायटी स्थापन केली. मुंबईत १९६८ मध्ये ‘प्रभात चित्र मंडळ’ व पुण्यात १९८५ मध्ये ‘आशय’ ही मंडळे निघाली. ही चळवळ प्रामुख्याने शहरांत वाढली आणि तिची सायंकाळ नोकरदाराच्या व विद्यार्थ्याच्या सवडीने ठरली. तालुक्याच्या गावी, दुपारच्या वेळी, वृद्धांचे नियमित चित्रपट-मंडळ ही कल्पना अद्याप मराठी विचारात फारशी आलेली नाही.

राहुरीसारख्या गावाच्या संदर्भात ती तपासून पाहण्यास पुरेसे कारण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ व त्याहून अधिक वयाची माणसे सुमारे १०.४ कोटी होती आणि महाराष्ट्रात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. राज्य परिवहन मंडळाच्या गाडीतून पंचाहत्तरीच्या पुढील नागरिकांस २०२२ पासून विनामूल्य प्रवास मिळतो व २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे पडते. तेव्हा वस्तीवरून तालुक्याच्या गावी दुपारी येऊन दिवेलागणीपूर्वी परतणे हे वृद्धास शक्य कोटीतले झाले आहे. प्रश्न उरतो तो निराळाच. अशा मंडळाने काय दाखवावे, आणि कोणत्या निकषावर? हा प्रश्न समाजकल्याणाचा नसून समीक्षेचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

या प्रश्नाचे तयार उत्तर असे असते की, जुन्या माणसांना जुने चित्रपट दाखवावेत. हे उत्तर वरवर पाहता निरुपद्रवी वाटते. परंतु त्यात दोन दोष आहेत. पहिला साध्या गणिताचा आहे. आज ज्यांनी पासष्टी गाठली आहे त्यांचा जन्म १९६० च्या आसपासचा. त्यांच्या शाळकरी व तारुण्याच्या आठवणीतले चित्रपट म्हणजे ‘सोंगाड्या’ (१९७१), ‘पिंजरा’ (१९७२), ‘शोले’ (१९७५). प्रभात कंपनीचा ‘कुंकू’ १९३७ चा. तो आज पंच्याऐंशीच्या घरात असलेल्या माणसाच्याही जन्मापूर्वीचा आहे. ‘संत तुकाराम’ वा ‘शेजारी’ हे आजच्या वृद्धांचे ‘त्यांच्या काळचे’ चित्रपट नव्हेत. आजोबांच्या काळचे आहेत. वार्धक्य म्हणजे एकच एक अविभाज्य भूतकाळ, अशी जी समजूत तरुणांच्या मनात असते, तीच येथे कार्यक्रमाची निवड करीत असते.

दुसरा दोष अधिक मूलगामी आहे व त्यासाठी रसचर्चेकडे वळणे इष्ट ठरेल. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी तीन येथे विशेष लागू पडतात. एक, नाट्यातील भाव हा ‘माझा’ किंवा ‘त्या अमक्याचा’ असा निश्चित करून त्यास स्थळकाळाच्या विशिष्ट चौकटीत जखडून टाकणे. दुसरे, प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गढून गेलेला असणे. तिसरे, प्रतीतीची साधनेच अपुरी पडणे. चित्रपटगृहातील वृद्धाच्या बाबतीत हे तिसरे विघ्न सर्वांच्या चटकन ध्यानात येते : नजर मंदावलेली, कान जड झालेले, पायऱ्या अंधाऱ्या, खुर्च्या खोल. त्यावर उपायही करता येतात. अक्षरे मोठी करता येतात, संवाद स्पष्ट ऐकू येतील अशी ध्वनियोजना करता येते, मध्यंतर लांबविता येते. परंतु पहिल्या दोन विघ्नांकडे मात्र कोणी विघ्न म्हणून पाहतच नाही; उलट त्यांनाच कार्यक्रमाचे प्रयोजन मानले जाते. ‘आमच्या वेळी हे गाणे रेडिओवर लागत असे’ हा उद्गार कार्यक्रम यशस्वी झाल्याची खूण समजला जातो. शास्त्रीय दृष्ट्या पाहिल्यास तो क्षण रसभंगाचा आहे. प्रेक्षकाने पडद्यावरील पात्राला सोडून स्वतःच्या विशीला कवटाळलेले असते.

येथे एक आक्षेप संभवतो. स्मृती हे जर विघ्न असेल, तर ज्याच्यापाशी सर्वांत जास्त स्मृती त्या वृद्धाला रसास्वाद सर्वांत दुष्कर म्हणावा लागेल. अभिनवगुप्ताचे मत याच्या अगदी उलट दिशेस जाते. प्रेक्षकाच्या ठायी वासनारूपाने संस्कार वसत असल्याशिवाय रसप्रतीतीच होत नाही. ज्याचे अंतःकरण अशा संस्कारांनी आणि काव्याच्या परिशीलनाने स्वच्छ झालेले आहे तोच सहृदय. या अर्थाने दीर्घ आयुष्य ही रसिकत्वाची मोठी पूंजी आहे. तेव्हा भेद करावयाचा तो संस्कार आणि स्वगतत्व यांमध्ये. एकच आठवण दोन प्रकारे काम करू शकते. ती मागे राहून पडद्यावरच्या परक्या माणसाला उजळीत असेल तर ती संस्कार होय. ती पुढे येऊन त्या माणसाला झाकून टाकीत असेल तर ती विघ्न होय. दुपारच्या मंडळासाठी चित्रपट निवडताना विचारावयाचा प्रश्न हा की, हा चित्रपट वृद्धाच्या आठवणीला कोणते काम देतो?

३

‘कुंकू’ आणि लिओ मॅकेरी यांचा अमेरिकन चित्रपट ‘मेक वे फॉर टुमॉरो’ हे दोन्ही १९३७ साली प्रदर्शित झाले. दोघांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण दोघांचा विषय एकच आहे : म्हाताऱ्याने वाट मोकळी करून देणे.

ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामबापूंनी काढलेल्या ‘कुंकू’ मध्ये वृद्ध वकील काकासाहेब (केशवराव दाते) फसवणुकीने तरुण नीराशी (शांता आपटे) विवाह करतात. नीरा हे पत्नीपण स्वीकारीत नाही. हळूहळू काकासाहेबांना आपल्या कृत्याचे स्वरूप कळू लागते आणि अखेर ते स्वतःचे जीवन संपवून तिला मुक्त करतात. मॅकेरीच्या चित्रपटात कूपर दांपत्याचे घर बँकेच्या कर्जापायी जाते. पाच मुलांपैकी कोणालाही दोघांना एकत्र ठेवणे जमत नाही. नवरा एकाकडे व बायको दुसऱ्याकडे अशी ताटातूट होते आणि न्यू यॉर्कमधील एका दुपारच्या सहवासानंतर, पन्नास वर्षांपूर्वी मधुचंद्रास आलेल्या त्याच हॉटेलास भेट देऊन, ती दोघे स्थानकावर एकमेकांचा निरोप घेतात.

‘कुंकू’ पाहणारा तरुण प्रेक्षक नीरेच्या बाजूने उभा राहतो, आणि चित्रपटाचा हेतूही तोच आहे. तोच चित्रपट सत्तरीच्या माणसाने पाहिला असता काय होईल? तो काकासाहेबांच्या बाजूने सरकेल, ही भीती व्यर्थ नव्हे. परंतु चित्रपटाची रचना या सरकण्याला वाव देत नाही. काकासाहेबांचे भले मोठे घड्याळ हे केवळ वयाचे प्रतीक म्हणून तेथे नाही. जो माणूस घरातील प्रत्येक वस्तूला आपल्या किल्लीने चालविण्यास सवकला आहे, त्याच्या सत्तेचेही ते चिन्ह आहे. पार्श्वसंगीताऐवजी घरातील नैसर्गिक ध्वनींवर भर दिल्यामुळे प्रेक्षकाची करुणा कोणी सुरावटीने ओढून घेत नाही. दाते काकासाहेबांना कोठेही बिचारे होऊ देत नाहीत. त्यांच्या समाजकार्य करणाऱ्या विधवा मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे जेव्हा समोर येतात, तेव्हा पित्याच्या घरातच न्यायाची दुसरी बाजू उभी राहते. वृद्ध प्रेक्षकाला येथे आपल्या वयाचा माणूस भेटतो, पण तो आरोपी म्हणून. आणि त्याच सभागृहात बसलेल्या वृद्ध स्त्रीला? तिला बहुधा दोघांचेही वय ठाऊक असते : नीरेचे होते तेही, काकासाहेबांचे आहे तेही. ‘कुंकू’चा सर्वांत पूर्ण प्रेक्षक कोण, या प्रश्नाचे उत्तर कदाचित ती वृद्ध स्त्रीच ठरेल.

मॅकेरीच्या चित्रपटात आरोपीच नाही. मुले दुष्ट नाहीत. घरे लहान आहेत, उत्पन्न बेताचे आहे, आणि म्हातारी आईही पत्ते खेळावयास आलेल्या पाहुण्यांमध्ये अडचण होते हे चित्रपट लपवीत नाही. ‘कुंकू’ मध्ये वाट मोकळी करणे हे न्याय्य आहे. येथे ते अन्याय्य आहे आणि तरीही घडते. हे दोन चित्रपट लागोपाठच्या दोन दुपारी दाखविले तर वृद्धाने केव्हा बाजूला व्हावे आणि केव्हा होऊ नये, याचा एक खरा वाद उभा राहील. ‘सुवर्णकाळातील अवीट बोलपट’ अशा मथळ्याखाली ‘कुंकू’ एकटाच दाखविला, तर मात्र तो चित्रपट मेलाच म्हणावयाचा.

येथे ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’चा (१९५३) उल्लेख अप्रस्तुत होणार नाही, कारण त्याचे पटकथा-सहलेखक कोगो नोदा यांना मॅकेरीचा चित्रपट परिचित होता. मुलांना भेटावयास शहरात आलेले व त्यांच्या धावपळीत अडगळ ठरलेले आईबाप हा प्रसंग नगर-मनमाड रस्त्यावरील कोणत्याही गावात अनुवादावाचून समजेल. जपानी चित्रपट ग्रामीण वृद्धाला परका पडेल ही समजूत म्हणूनच तपासून घ्यावी लागते. भाषा परकी आहे, अनुभव नाही. आणि अक्षरे वाचवत नसतील तर मराठी निवेदन जोडता येते.

४

राहुरीच्या संदर्भात ‘शेजारी’ (१९४१) या चित्रपटाला एक विशेष अर्थ प्राप्त होतो. जिवबा आणि मिर्झा हे दोन वृद्ध शेजारी, एक हिंदू व एक मुसलमान. गावाजवळ धरण बांधू पाहणाऱ्या धनिकाच्या डावपेचांनी त्यांच्या मैत्रीत फूट पडते. शेवटी धरण फुटते आणि त्या लोंढ्यात दोघे पुन्हा एकत्र येऊन मृत्यू पावतात. समीक्षेने आजवर या चित्रपटाकडे हिंदु-मुस्लिम ऐक्याचे रूपक म्हणून पाहिले आहे. धरण हे त्या रूपकातील एक साधन, मनांतील फुटीचे दृश्य रूप, असे मानले गेले. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला हा अर्थ पुरेसा वाटणे स्वाभाविक आहे.

राहुरी तालुक्यातील बारागाव नांदूर येथे मुळा नदीवर धरण आहे. त्याच्या जलाशयाला ज्ञानेश्वरसागर असे नाव असून त्याची क्षमता सुमारे २६ हजार दशलक्ष घनफूट आहे. या पाण्याने परिसराचे रूप पालटले. ऊस आला, कारखानदारी स्थिरावली, १९६८ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या शिवारासही बागायतीचा शेजार लाभला. पण धरण म्हटले म्हणजे बुडालेली जमीनही आलीच. येथील वृद्धांपैकी काहींनी भिंत चढताना पाहिली असेल, काहींच्या शेतात पाणी आले असेल, काहींचे शेत पाण्याखाली गेले असेल. असा प्रेक्षक ‘शेजारी’ पाहू लागला म्हणजे धरण हे प्रतीक राहत नाही. ते पुन्हा धरण होते. जमीन कोणाची, विकली कोणी, पाणी कोणाकडे वळले, हे प्रश्न चित्रपटातील मैत्रीच्या कथेइतकेच ठळक होतात.

हे वाचन स्वगतत्वाच्या विघ्नात मोडते काय? वर केलेला भेद येथे कसास लागतो. राहुरीचा प्रेक्षक जर केवळ आपल्या बुडालेल्या वा भिजलेल्या शेताची गोष्ट सांगू लागला, तर चित्रपट हरवला. परंतु त्या अनुभवामुळे जिवबाचा हट्ट हा केवळ स्वभावदोष नसून शेतकऱ्याच्या जमिनीशी असलेल्या नात्याचा आविष्कार आहे, हे जर त्याला दिसले, तर त्याने चित्रपटात असलेला पण इतरांना न दिसलेला अर्थ उघड केला. शहरी समीक्षेने रूपकाच्या लोभाने धरणाला जे गौण स्थान दिले, ते येथे दुरुस्त होते. संस्कार रसाला मारक नसून उपकारक कसा ठरतो, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. आणि अशा दुरुस्तीसाठी प्रेक्षक वृद्धच हवा, कारण धरणापूर्वीची नदी पाहिलेला दुसरा कोणी शिल्लक नाही.

याच चित्रपटाच्या अनुषंगाने वार्धक्याच्या अभिनयाचाही विचार करता येईल. मिर्झाची भूमिका करणारे गजानन जागीरदार यांचा जन्म १९०७ चा. म्हणजे चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ते चौतिशीत होते. ‘टोकियो स्टोरी’तील पित्याची भूमिका करणारे चिशू र्‍यू पन्नाशीच्याही आत होते. ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा श्रीराम लागू त्रेचाळीस वर्षांचे होते. याउलट ‘पथेर पांचाली’ (१९५५) मधील इंदिर ठाकरुण साकारणाऱ्या चुनीबाला देवी ऐंशीच्या घरात होत्या. बर्गमनच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ (१९५७) मधील व्हिक्टर स्यॉस्ट्रोम अठ्ठ्याहत्तरीचे होते. आणि डी सिकाच्या ‘उंबेर्तो डी’ (१९५२) मधील सेवानिवृत्त कारकून रंगविणारे कार्लो बात्तिस्ती हे व्यवसायाने नट नसून भाषाशास्त्राचे वृद्ध प्राध्यापक होते. म्हातारपण वठविणे आणि म्हातारपण पडद्यावर असणे या दोहोंतील अंतराचा उत्तम पारखी कोण? खुर्चीवरून उठताना हात आधी कोठे जातो, उंबरठा ओलांडण्यापूर्वी पाऊल किती थबकते, प्रश्न ऐकू आला नाही हे लपविण्यासाठी माणूस कसा हसतो, या गोष्टी ज्याला आतून ठाऊक आहेत तोच. अभिनयाच्या समीक्षेत अशा प्रेक्षकाची साक्ष अद्याप नोंदविली गेलेली नाही, ही त्या समीक्षेची उणीव होय.

५

अलीकडच्या मराठी चित्रपटांत वार्धक्य हा विषय वारंवार आलेला आहे. त्यांतील तीन चित्रपटांकडे वरील निकषाने पाहता येईल.

महेश मांजरेकरांचा ‘नटसम्राट’ (२०१६) हा वृद्ध प्रेक्षकांना हमखास रडविणारा म्हणून ख्यात झाला. शिरवाडकरांच्या मूळ नाटकात गणपतराव बेलवलकर हा केवळ मुलांनी नाकारलेला बाप नाही. भूमिकांच्या बाहेर ज्याला स्वतःचे रूप उरलेले नाही असा तो नट आहे. त्याच्या शोकांतिकेत त्याच्या अहंतेचाही वाटा आहे. चित्रपटात नाना पाटेकर यांच्या समर्थ अभिनयानंतरही तोल कृतघ्न अपत्यांच्या बाजूस झुकतो. दुःखाचे कारण बाहेर सापडले की प्रेक्षकाला स्वतःचे दुःख त्यात ओतणे सोपे जाते. आणि निजसुखदुःखात बुडणे म्हणून जे विघ्न सांगितले ते हेच. असा चित्रपट वृद्धांना दाखवू नये असे नव्हे. पण त्यांना तो आवडतो एवढ्यावरून तो त्यांच्यासाठी उत्तम ठरत नाही.

संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ (२००४) मधील आजोबा (अरुण नलावडे) कोकणातील खेड्यातून नातवाला घेऊन शहरातील रुग्णालयात येतात. मुलाचे प्राण वाचवावयाचे तर त्याचे डोळे गमवावे लागणार. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा नातवाला रुग्णालयाबाहेर नेऊन जग दाखवितात. हा चित्रपट वृद्धाला दयेचा विषय करीत नाही. निर्णय घेणारा करतो. ज्ञान डॉक्टरांपाशी आहे, कायदा रुग्णालयापाशी आहे, पण ‘या मुलाने शेवटचे काय पाहावे’ हे ठरविण्याचे शहाणपण म्हाताऱ्यापाशी आहे. ज्यांची स्वतःची दृष्टी मंदावत चालली आहे अशा प्रेक्षकांपुढे हा चित्रपट ठेवणे धाडसाचे वाटेल; तथापि पाहणे म्हणजे काय, हा त्याचा विषय त्यांच्याइतका निकडीने दुसऱ्या कोणाला भिडेल?

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) यापुढे एक पाऊल जातो. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हत्तीच्या मागोमाग चालत जातात आणि माहुताच्या कुटुंबात जाऊन पोहोचतात. माहुताची कानडी बोलणारी बायको (अमृता सुभाष) त्यांना आपल्या लेकरासारखे सांभाळते. स्मरणरंजनाच्या तत्त्वावर चालणाऱ्या मंडळात या चित्रपटाला स्थान मिळणार नाही, कारण तो स्मृतीच काढून घेतो आणि विचारतो : आठवणी गेल्यावर माणसात काय उरते? शास्त्रींची विद्या नाहीशी होत जाते, पण त्यांच्यातील कुतूहल, लडिवाळपणा, शरण जाण्याची वृत्ती उरते. वृद्धांना हा चित्रपट दाखविल्यास ते घाबरतील असे म्हटले जाईल. ते भय त्यांच्या घरी आधीच येऊन बसलेले असते. त्याविषयी चारचौघांत बोलण्याची जागा तेवढी नसते.

६

राहुरीच्या मंडळापुढे आदर्श ठेवावयाचा तर तो बाहेरून आणण्याचे कारण नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचे काही वर्षे वास्तव्य राहुरीस होते, आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये राहुरीचे पर्व आले आहे. १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचे हे आत्मचरित्र १९३४ पासून भागशः प्रसिद्ध होऊ लागले. म्हणजे साठी उलटलेल्या स्त्रीचे हे स्मरण आहे. नावातच चित्र असलेल्या या ग्रंथात स्मरणरंजन मात्र शोधून सापडत नाही. पतीचे धर्मांतर, ताटातूट, दारिद्र्य, रोगराई यांची हकीकत सांगताना लेखिका स्वतःच्या अज्ञानाला, भित्रेपणाला, सोवळ्याओवळ्याच्या हट्टाला हसते. ती भूतकाळाला कवटाळीत नाही व त्याचा सूडही घेत नाही. त्याला समोर बसवून त्याच्याशी बोलते. स्मृती आणि स्मरणकर्ती यांच्यात विनोदाने जे अंतर निर्माण होते, तेच येथे साधारणीकरणाचे कार्य करते.

विजया मेहता यांनी १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत चित्रवाणीसाठी ‘स्मृतिचित्रे’चे रूपांतर केले व त्यात सुहास जोशी यांनी लक्ष्मीबाईंची भूमिका केली. राहुरीच्या वृद्धांनी राहुरीतच हा चित्रपट पाहणे म्हणजे गावाचा अभिमान मिरविणे एवढेच झाले, तर ते पुन्हा स्वगतत्वच होईल. त्यातून घ्यावयाचे ते लक्ष्मीबाईंचे आठवण्याचे तंत्र : स्वतःच्या आयुष्याकडे, ते जणू दुसऱ्या कोणाचे आहे अशा जिव्हाळ्याने आणि अशा मोकळेपणाने पाहणे.

७

ग्रामीण वृद्ध हा गंभीर चित्रपटाला थकेल, त्याला विरंगुळा पुरे, असे अखेरचे म्हणणे उरते. विरंगुळा तुच्छ नाही आणि त्यालाही मंडळात जागा असावी. पण या म्हणण्यातील गृहीतकृत्य या भूमीवर टिकत नाही. राहुरीहून नेवासे दूर नाही. ज्ञानेश्वरीची रचना तेथे शके १२१२ मध्ये झाली. या परिसरात सप्ताहाच्या मंडपात तासन् तास बसून एका अभंगाचे निरूपण ऐकणारा श्रोता प्रायः वृद्धच असतो. पूर्वपक्ष, दृष्टांत, सिद्धांत ही वाट त्याच्या पायाखालची आहे. जो पारायणात तोच ग्रंथ दरवर्षी वाचतो, तो आठवणींच्या सुखासाठी वाचीत नाही. यंदा त्यात काय नवे उमगते ते पाहण्यासाठी वाचतो. जुना चित्रपट पुन्हा पाहण्याची हीच रीत होय. चित्रपट-मंडळांची जी ‘चर्चा’ शहरात परकीय रिवाजासारखी रुजवावी लागली, तिची बैठक येथे निरूपणाच्या रूपाने पूर्वीपासून तयार आहे.

तेव्हा दुपारच्या मंडळाचे यश किती खुर्च्या भरल्या वा किती डोळे पाणावले यावर मोजता येणार नाही. खेळ संपल्यावर, गाडीची वेळ होईपर्यंत, बोलणे कोणाविषयी होते हे पाहावे लागेल. ते जर केवळ ‘आमच्या वेळी’विषयी असेल, तर मंडळाने म्हाताऱ्यांना सुखरूपपणे त्यांच्या भूतकाळात नेऊन सोडले, इतकेच म्हणता येईल. ते जर नीरेविषयी, मिर्झाविषयी, हत्तीमागे चालत गेलेल्या शास्त्रींविषयी असेल, तर वयामुळे रसिकांच्या पंक्तीतून गळालेली माणसे पुन्हा त्या पंक्तीत येऊन बसली. मराठी समीक्षेलाही त्यात लाभ आहे. तिने आजवर ज्या प्रेक्षकाच्या वतीने निर्णय दिले तो कधी म्हातारा झालाच नाही; आता त्याची भेट घेण्यास दुपारची वेळ सोयीची आहे.